काळीपिवळीचा टेप

गावात अजूनही काही जण सांगतात की माझ्या बहिणीच्या लग्नात मामाच्या जीपचा टेप बिघडला होता, म्हणून तो चौकात बंद झाला नाही. हे साफ खोटं आहे. त्या टेपात मी माझ्या हातानं वायर जोडली होती, तो कसा बंद करायचा हे मला पक्कं ठाऊक होतं आणि मी तो बंद केला नाही. हे मी कधी लपवलेलंही नाही. पण टेप बिघडला होता म्हटलं की सगळ्यांचीच सुटका होते, म्हणून लोक तेच धरून बसलेत. माझ्यासमोर कुणी सांगायला लागलं की मी तिथंच त्याला अडवते.

तेव्हा मी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात कामाला होते. विजेचा दाब कमीजास्त झाला तर टीव्ही, फ्रीज जळू नयेत म्हणून मध्ये एक डबा लावतात, तो स्टॅबिलायझर आम्ही तिथं बनवायचो. मी आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला होता. वर्गात मुली दोघीच. दुसरीचं मध्येच लग्न झालं, म्हणून परीक्षेला मी एकटी बसले. कारखान्यात दिवसभर हातात सोल्डरिंगची कांडी, नाकात तो राळेचा धूर आणि बोटांवर बारीक बारीक चटके. पण मी वायरीला दिलेला डाग कधी सुटला नाही, हे आजही छाती ठोकून सांगते.

शनिवारी संध्याकाळी मी गावी जायची. गाव आर्णी तालुक्यातलं. मामाची काळीपिवळी जीप यवतमाळ ते आर्णी फेऱ्या मारायची, तिच्यातच मला जागा असायची. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. माझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठा, अंगानं काटकुळा, तोंडानं फटकळ. जीपला दारं नव्हती. परवानगी नऊ माणसांची आणि बसायची सतरा. वेचणीच्या दिवसांत लोक कापसाची गाठोडी मांडीवर घेऊन बसायचे. त्यातून उडालेला तंतू सगळीकडे शिरायचा, नाकातोंडात, सीटच्या शिवणीत आणि मामाच्या टेपातसुद्धा. त्यामुळे मामाचा टेप कॅसेटी खायचा. घातली की दोन मिनिटं गाणं, मग घरघर, मग आतून तपकिरी फितीचा गुंता बाहेर. मामा तो गुंता ओढून काढायचा आणि शिव्या द्यायचा. पण दर बाजाराला नवी कॅसेट आणायचाच. शेवटी त्यानं हात टेकले आणि नुसता रेडिओ लावायला लागला.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव एकाच गोष्टीसाठी निघायचं. कापसाचा भाव पडलेला, बियाणं बोगस निघालेलं, पानं लाल होऊन झाडं उभ्या उभ्या बसलेली. बाहेरून कॅमेरे घेऊन लोक यायचे. मामाच्या जीपमधूनही दोनदा गेले, आणि एकदा मी त्यांच्यासोबत होते. मामानं सवयीनं रेडिओ लावला तर त्यांच्यातल्या एका बाईनं अगदी हळू आवाजात सांगितलं, "बंद कराल का प्लीज? अशा भागात गाणी बरी नाही वाटत." अशा भागात! अहो, त्या भागात आम्ही जन्मलो. तिथंच जेवतो, भांडतो, बारशी करतो. दुःख होतं, खोटं कशाला बोलू? आमच्या गावातही एका वर्षात दोन माणसं गेली होती, आणि दोन्ही घरी आई जाऊन आली होती, ओसरीच्या खाली उभी राहून. पण दुःख आहे म्हणून अख्ख्या मुलखानं तोंड शिवून बसायचं, हा हुकूम माझ्या गळी उतरत नव्हता. आणि हुकूम नेमका कुणासाठी होता तेही लवकरच कळलं.

होळी झाल्यावर गावात बैठक बसली. वर्ष वाईट गेलं, गावात दोन मरणं झाली, तेव्हा यंदा कुणाच्याच लग्नात वाजंत्री लावायची नाही असं ठरलं. बाबा त्या बैठकीत होते. आमच्या घरी बहिणीचं लग्न ठरलेलं, मुलगा बाभुळगावचा, झेरॉक्सचं दुकान चालवणारा. तरी बाबांनी मान डोलावली. बाबा एकदा हो म्हणाले की दगडावरची रेघ. त्यांच्या या स्वभावाचा मला अभिमानही होता आणि चीडही यायची.

तीन आठवडे गेले नाहीत तर थोरल्या घरचं लग्न निघालं. थोरलं घर म्हणजे चौकातलं, मारुतीच्या देवळासमोरचं, कापूस आणि तुरीची सगळ्यात जास्त जमीन असलेलं. त्यांच्याकडे बँड आला, वरून आर्णीहून डीजेची गाडी आली. दुपारभर चौकात असं वाजलं की आमच्या वस्तीतली भांडी फळीवर थरथरत होती. बाबा दुसऱ्या दिवशी विचारायला गेले. मीही सोबत गेले, कारण बाबा एकटे गेले असते तर नुसता रामराम करून परत आले असते. त्या घरचा धाकटा भाऊ ओसरीवर बसला होता. वयानं बाबांच्या मुलासारखा, पण बाबांना अरेतुरे करायचा.

"आमचं पह्यलेच ठरलं होतं ना," तो म्हणाला. "बँडवाल्याले सांगून ठेवलतं. तुहं अजून व्हाचं हाये. गावात मैत झाली, थोडी तं जाण ठेव."

बाबा म्हणाले, "बरं भाऊ." आणि वळले. माझं डोकं असं सटकलं होतं की परतीच्या वाटेवर मी बाबांच्या पुढं निघून गेले.

चौकाचं एक सांगायला हवं. आमच्या वस्तीतली वरात वाजत निघायची, पण चौकात पोचली की वाजंत्रीवाले वाद्यं खाली करायचे. देवळापासून विहिरीपर्यंतची सत्तर-ऐंशी पावलं सगळ्यांनी मुकाट चालायचं आणि विहीर ओलांडली की पुन्हा सुरू. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. वाजंत्रीवाल्यांना सांगावंही लागायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, वाजवून वाजवून दमतात बिचारे, म्हणून तिथं दम घेतात. आठवीत असताना कुणीतरी खरं कारण सांगितलं आणि त्या दिवशी मी जेवले नाही. बाबा धर्मांतरानंतर जन्मलेले. घरात देव नाहीत, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दर पौर्णिमेला वंदना. तरी त्या ऐंशी पावलांवर बाबांचा आवाज आपोआप बसायचा. आता फरक एवढाच झाला होता की त्या जुन्या गप्प बसवण्याला दुःखाचं नाव मिळालं होतं. आधी ऐंशी पावलं गप्प राहायचं होतं, आता अख्खं लग्नच गप्प करायचं.

धाकटी बहीण माझ्या अगदी उलट. मी दिवसातून चारदा भांडते, ती वर्षात एकदा. पण ती एकदा बोलली की मग विषय संपला. अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांच्या मागं धावायची, पण घरी आली की तिचं अस्तित्व जाणवायचं नाही. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोघी नाल्यावर धुणं धूत होतो. तिनं बाबांचं धोतर पिळता पिळता माझ्याकडे न बघता सांगितलं,

"ताई, मी या गावातून जाईन तं चौकातून जाईन. वाजत जाईन. विहिरीवरी कुठंच बंद नाही झालं पाह्यजे."

"आन बाबा?"

"बाबाले तू सांग."

"आन नाहीच आयकलं तं?"

"तं मी गाडीत बसत नाही. मंग त्यायनं नवरदेवाले एकट्याले वापस पाठवाव."

तिनं धोतर झटकलं आणि दगडावर वाळत टाकलं. ती हे उगाच बोलत नव्हती. तिचं लग्न तिला हवं होतं, मुलगा तिला आवडला होता, हे मला माहीत होतं. तरीही ती गाडीत बसली नसती.

बाबांना सांगितलं. बाबा बराच वेळ तंबाखू मळत बसले.

"म्या बैठकीत हो मनलं, माय."

"त्यायनंही मनलं होतं. त्यायनं मोडलं."

"त्यायनं मोडलं मनून म्या मोडू काय?"

बाबांनी शेवटी तोडगा काढला की नवरदेव पांदणीनं, म्हणजे शेतामागच्या वाटेनं येईल आणि बहीणही तिकडूनच जाईल, म्हणजे चौक लागायलाच नको. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मले नोको इचारू." मग मी शेजारच्या गावच्या बँडवाल्याकडे गेले. त्यानं चहा पाजला आणि हात जोडले. तुमच्या गावानं सांगितल्याशिवाय आम्हाला येता येणार नाही, उद्या याच वाटेनं धंदा करायचा आहे, म्हणाला. त्याचंही चुकीचं नव्हतं. पण मी त्याच्या दारातून निघाले तेव्हा ठरवून टाकलं होतं की वाजंत्रीवाला लागतच नाही. गाडी लागते, आणि गाडी मामाची आहे.

माझ्याकडे अंगठ्याएवढा एक चिनी एमपीथ्री होता. यवतमाळच्या बाजारातून घेतलेला, हिरव्या पट्टीवर गाण्याचा नंबर दाखवणारा. त्यात मी कॉम्प्युटरवाल्याकडून जयंतीला वाजतात ती गाणी भरून घेतली होती. एवढासा जीव, पण त्यात फीत नव्हती, तंतूनं गुंतायला काहीच नव्हतं. प्रश्न एकच होता, त्याचा आवाज कानातून काढून जीपच्या टेपात कसा घालायचा. तो टेप जुना. त्याला बाहेरून काही जोडायची जागाच नव्हती. बनवणाऱ्यानं ती ठेवली नव्हती, तेव्हा ती आपणच करायची.

लग्नाच्या आधीच्या रविवारी मामाच्या अंगणात, निंबाखाली, मी तो टेप जीपमधून उपसून काढला. मामा खाटेवर बसून बघत होता.

"कायले उगाच मेलेल्याचं पोट फाडून राह्यली?"

"मामा, मेला नाही थो. त्याचं पोट खराब हाये. डोकं चांगलं हाये."

वरचं झाकण काढलं तर आत कापूस. अक्षरशः कापूस! एका लहान उशीत भरता येईल इतका. मामाला दाखवला तर म्हणाला, "यंदा माह्या वावरातही येवढा नाही निंघाला." आम्ही दोघंही हसलो.

आवाज कमीजास्त करायचं जे गोल बटन असतं, त्याच्या मागं बारीक पाय असतात. एका पायातून गाणं आत येतं आणि तिथून मोठं होऊन स्पीकरकडे जातं. गाणं कॅसेटचं आहे की रेडिओचं, याच्याशी त्या पायाला काही घेणंदेणं नसतं. त्याला जे द्याल ते तो मोठं करतो. मी एमपीथ्रीच्या कानातल्या वायरीची टोकं सोलली आणि त्या पायांना डाग दिला. मामानं बॅटरीच्या वायरी धरल्या. गाणं सुरू झालं आणि मामा खाटेवरून उठून उभाच राहिला. पण गाण्याच्या खालून रेडिओही बोलत होता. दोघं एकाच वेळी, एकाच स्पीकरमधून.

"एक खटका बसव मंधात," मामा म्हणाला. "रेडिओ बंद कराले."

बरोबर बोलत होता तो. खटका बसवायला हवा होता, कारखान्यात दोन रुपयांचा मिळाला असता. पण रविवार होता, खटका हाताशी नव्हता, आणि मामानं सुचवलं म्हणून तर मी मुळीच बसवणार नव्हते. मी म्हटलं, लागत नाही. कारण मला आणखी एक गोष्ट दिसली होती. कॅसेट आत सरकवली की हा टेप रेडिओची वीज आपणहून तोडायचा. मग काय, मी एक जुनी कॅसेट उघडली, आतली सगळी फीत काढून टाकली आणि रिकामा डबा पुन्हा स्क्रूनं बंद केला. तो टेपात सरकवला. रेडिओ गप्प झाला आणि एकटं गाणं उरलं. पाहणाऱ्याला वाटावं, कॅसेटच वाजते आहे.

मग जीप चालू केली तर इंजिनाबरोबर कुईकुई आवाज. त्यासाठी टेपाच्या पत्र्यापासून एक वायर जीपच्या लोखंडाला घट्ट आवळली, तेव्हा तो थांबला. तीन तास गेले त्या एका कुईकुईत. मामानं कुठूनतरी दोन मोठे स्पीकर आणले आणि टपाला दोरीनं बांधले. एमपीथ्रीची वायर मी लांब ठेवली, मधल्या सीटपर्यंत, माझ्या हातात यावी म्हणून.

लग्नाच्या दिवशी नवरदेव पांदणीतून आला. बाभळीचे काटे, दोन बाजूंना कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचे ढीग, आणि त्यातून पांढऱ्या शर्टातला तो मुलगा चालत आला. त्याच्या मागं त्याची चाळीस माणसं, सगळी चपला सांभाळत. कुणी तक्रार केली नाही. मला मात्र असा संताप आला की मी त्यांना पाणी द्यायला गेले तर अर्धं सांडलं. मांडवात वंदना झाली, दोघांनी एकमेकांना हार घातले, जेवणं झाली. दिवस कलला तशी निघायची वेळ आली.

बाबा जीपपाशी आले. डॅशबोर्डखालून निघालेली वायर त्यांनी पाहिली, टपावरचे स्पीकर पाहिले.

"हे काय होय?"

"टेप."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. ती जीपच्या बाहेर उभी होती, पांढरं पातळ नेसून, हात बांधून. ती चढत नव्हती. आई मागून हुंदके देत होती, बायका गळ्यात पडत होत्या, आणि ही कोरड्या डोळ्यांनी बाबांकडे बघत उभी. नवरदेव आत बसलेला, त्यालाही एव्हाना सगळं माहीत होतं. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, पुन्हा ठेवला.

"बस, माय," ते तिला म्हणाले. मग मामाला म्हणाले, "म्या पुढं चालतो. माह्या मांग ये."

आणि ते चौकाच्या दिशेनं चालू लागले. बहीण चढली. मी तिच्या शेजारी, वायर हातात घेऊन. मी बटन दाबलं.

कसं वाजलं सांगू? आमच्या वस्तीतल्या बायकांनी आधी कानांवर हात ठेवले आणि मग तेच हात वर गेले. पोरं पुढं, बायका मागं, मध्ये जीप आणि सगळ्यांच्या पुढं बाबा एकटे. ते नाचत नव्हते, मागं वळूनही बघत नव्हते. देवळाचा पार दिसला तशी वरातीची पावलं सवयीनं मंदावली. आवाज मंदावला नाही. मला त्या क्षणी भीती वाटली, हेही सांगते.

थोरल्या घरचा धाकटा भाऊ ओसरीवरून उतरून आडवा आला. सोबत तिघं-चौघं.

"बंद कर रे," तो बाबांना म्हणाला. "समजत नाही का तुले? गाव दुःखात हाये."

बाबा थांबले. जीप थांबली. बाबांच्या बाजूनं पुढं येऊन तो जीपच्या मोकळ्या बाजूनं आत वाकला, टेपाचं बटन दाबून कॅसेट उपसली आणि हात उंच करून सगळ्यांना दाखवली. झालं, असं त्याला वाटलं. आमच्या माणसांनाही तसंच वाटलं, त्यांचे वर गेलेले हात खाली आले.

गाणं चालूच होतं.

तो कॅसेटकडे बघायला लागला. मग टेपाकडे. मग पुन्हा कॅसेटकडे. आणि तेवढ्यात, कॅसेट निघाल्यामुळे, गाण्याच्या खालून रेडिओ जागा झाला. संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम लागला होता. एक शांत, समजूतदार आवाज टपावरच्या दोन्ही स्पीकरमधून अख्ख्या चौकाला सांगू लागला, "शेतकरी बंधूंनो, कपाशीचं बियाणं घेताना पिशवी सीलबंद आहे याची खात्री करून घ्या..." आणि वरून आमचं ढोलकीचं गाणं.

आधी कुणीतरी बाई फिसकन हसली. मग पोरं. मग चौकातल्या इतर घरांच्या ओसऱ्यांवर उभी असलेली माणसंही हसायला लागली, थोरल्या घरच्या दारातल्या दोन बायकांनी पदर तोंडाला लावला. तो कॅसेट हलवून बघत होता, तिच्यात फीत नाही हे त्याला दिसत होतं आणि कळत काहीच नव्हतं. माझी बहीण, वर्षात एकदा बोलणारी, नवरदेवावरून वाकली आणि त्याला म्हणाली,

"ठेवून घ्या भाऊ. रिकामी हाये."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "बंद कर म्हन्तो ना," तो मामावर ओरडला.

"मले नाही येत," मामा म्हणाला. "जिनं बसवलं तिले सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं बोलता आलं असतं. टेप बिघडला, बंद होत नाही, असं म्हटलं असतं तर ते सगळ्यांना चाललं असतं. मी म्हटलं, "बंद होते. पन मी करत नाही."

तो माझ्या बाजूला यायला लागला. तेव्हा बाबा फिरले. दहा पावलं मागं येऊन ते त्याच्या आणि जीपच्या मध्ये उभे राहिले. बाबा बुटके, तो त्यांच्यापेक्षा हातभर उंच.

"भाऊ," बाबा म्हणाले, "बैठकीत म्या गावाले हो मनलं होतं. गाव मंजे तुमी आन आमी. तुमी निंघून गेले त्याच्यातून, मंग आमी एकटेच कोनासाठी पाळाव?"

आवाज मोठा नव्हता. पण बसलेलाही नव्हता, आणि मी तो चौकात पहिल्यांदा ऐकत होते. मग बाबांनी जीपच्या बोनेटवर थाप मारली. "चाल," मामाला म्हणाले.

मामानं क्लच सोडला. आडवा आलेला बाजूला झाला. चांगुलपणानं नव्हे, त्याच्याच घरच्या बायका हसत होत्या म्हणून. मला कारणाशी काही देणंघेणं नव्हतं. विहीर येईपर्यंत मी जीपमधून बाबांची पावलं मोजत होते. एक्काहत्तर झाली. इतकी वर्षं आम्ही उगाच ऐंशी म्हणत होतो. विहिरीपाशी बायकांनी फेर धरला, रेडिओवाला अजून बीजप्रक्रिया समजावत होता, आणि आमच्या म्हाताऱ्या सुद्धा त्याच्या सूचनांवर टाळ्या वाजवत नाचल्या.

पुढे त्या घरानं आमच्या घरच्या बायकांना वर्षभर कामाला बोलावलं नाही. मामाच्या जीपच्या टायरात दोनदा खिळे निघाले. पांदणीतून मात्र आमची कुठलीच वरात नंतर गेली नाही.

त्या संध्याकाळी वरात पुढं गेली, शाळा मागं पडली, गावाची हद्द संपते तिथली पुलिया आली. वरातीतली माणसं एकेक करून मागं राहिली होती. बाबा तेवढे जीपबरोबर चालत आले होते, एक हात मागच्या लोखंडावर ठेवून. बहीण अजून तशीच ताठ बसलेली, नजर समोर.

"ताई," ती म्हणाली, "आता बंद कर."

मला वाटलं, घाबरली. "काहून? आता तं अथी कोनीच नाही."

"मनूनच. मले रडाचं हाये."

घरातून निघाल्यापासून आई रडली, बायका रडल्या, आणि ज्या पोरीचं माहेर सुटत होतं ती एकटी चौकातून, विहिरीवरून, शाळेसमोरून दात आवळून आली होती, चौकातल्या त्या माणसांनी तिच्या डोळ्यात पाणी बघू नये म्हणून. मी पिन उपटली. मामानं रेडिओ बंद केला. आणि मग ती रडली. तोंडावर पदर नाही, हात नाही, गळा मोकळा सोडून, सगळ्या शिवारानं ऐकावं अशी. मामानं इंजिन बंद केलं, नवरदेव खाली उतरून बाबांपाशी जाऊन उभा राहिला, आणि तिचं रडून होईपर्यंत आमच्यापैकी कुणीही तिला चूप म्हटलं नाही.